ऊसनोंदीचे पान उघडत नाही, ते का?



आपला ऊस लावणीपासून बिलापर्यंत चार वेळा कागदावर येतो. पहिली लावणीची नोंद, दुसरी तोडीची चिठ्ठी, तिसरी काट्याची पावती आणि चौथे बिल. पूर्वी ही सगळी कामे वहीत व्हायची. आता ती संगणकात होतात, आणि सभासदाला आपली नोंद मोबाइलवर किंवा गावच्या सेवा केंद्रात जाऊन पाहता येते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या सभासदांना या सोयीचे मोल जास्त. या भागात मुख्य पीक भाताचे. ऊस करणारे सभासद डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई अशा बाजूंना विखुरलेले. नोंद झाली की नाही एवढेच पाहायला दिवस मोडून कार्यालय गाठणे कुणालाच परवडत नाही.

परंतु या सोयीबरोबर एक नवी तक्रार शेतकी विभागाकडे वारंवार येऊ लागली आहे. कुणी सांगतो, पान उघडले पण कोरेच दिसले. कुणी सांगतो, 'हा ब्राउझर चालणार नाही' अशी पाटी आली. कुणाच्या नावाच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरे दिसली. मग साहजिकच मनात येते की आपली नोंद गेली की काय, किंवा कुणी काढली की काय. काही सभासद घाईघाईने त्याच क्षेत्राची दुसऱ्यांदा नोंद देतात. तिथून खरा घोटाळा सुरू होतो. एकाच गटाच्या दोन नोंदी, दोन वेगळ्या लावण तारखा, आणि सातबाऱ्यावरच्या क्षेत्राशी मेळ नाही. असे क्षेत्र तपासणीत अडकते आणि तोडीचा क्रम मागे पडतो. तोड लांबली म्हणजे काय होते हे आम्ही आपणास सांगायला नको. तुरा येतो, दशी पडते आणि वजन घटते.

म्हणून पहिल्यानेच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पान न उघडणे आणि नोंद नसणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. असे का, ते थोडे मुळापासून पाहू.

नोंद कुठे असते आणि दाखवतो कोण?

आपली नोंद मोबाइलमध्ये नसते, सेवा केंद्राच्या संगणकातही नसते. ती सर्व्हर नावाच्या मुख्य संगणकात असते. आपण मोबाइलवर जे उघडतो त्याला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी ही त्यांची नावे. ब्राउझरचे काम एवढेच की सर्व्हरकडून मजकूर मागवायचा आणि आपल्याला वाचता येईल असा मांडून दाखवायचा. सर्व्हर म्हणजे दप्तर आणि ब्राउझर म्हणजे ते वाचून दाखवणारा माणूस, असे समजा. वाचणाऱ्याला अक्षर लागले नाही म्हणून दप्तरातला कागद फाटत नाही.

आता प्लग-इन म्हणजे काय? सुरुवातीच्या काळातले ब्राउझर फार साधे होते. मजकूर आणि चित्रे दाखवावीत, यापलीकडे त्यांना फारसे येत नसे. हलते चित्र दाखवणे, डिजिटल सही करणे, बाहेरचे यंत्र वाचणे यांसाठी वेगळे जोड-काम लागे. ट्रॅक्टर एकटा नांगरट करीत नाही, त्याला मागे औजार जोडावे लागते, तसेच हे. ब्राउझरला जोडायच्या अशा औजाराला प्लग-इन म्हणतात. ॲडोबीचे फ्लॅश, मायक्रोसॉफ्टचे सिल्व्हरलाइट, जावाचे अ‍ॅपलेट ही त्यांतली गाजलेली नावे. मायक्रोसॉफ्टने १९९६ साली ॲक्टिव्हएक्स नावाची पद्धत आणली, ती फक्त त्यांच्याच इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालत असे. म्हणजे औजार असे की एकाच कंपनीच्या ट्रॅक्टरला बसणारे.

२००१ साली इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली. विंडोज एक्सपीबरोबर ती घरोघरी आणि कचेऱ्या-कचेऱ्यांत पोचली. तेव्हा जगभरच्या बँका, सरकारी खाती आणि कारखाने यांनी आपली कामकाजाची सॉफ्टवेअर त्या एका ब्राउझरकडे पाहूनच बनवून घेतली. त्या वेळी ते सोयीचे होते, कारण बहुतेकांकडे तोच ब्राउझर होता. पण सॉफ्टवेअर पंधरा-वीस वर्षे वापरायचे असते, आणि ब्राउझर तेवढी वर्षे एका जागी थांबत नाही.

औजारे का काढली गेली?

प्लग-इनचा मोठा दोष सुरक्षिततेचा. ब्राउझर स्वतः परक्या पानाला आपल्या संगणकाच्या आत फिरू देत नाही. प्लग-इनला मात्र जवळजवळ सगळे दरवाजे उघडे असत. त्यात एखादे भोक राहिले की चोर आत. शिवाय २००७ नंतर मोबाइल आले, आणि त्यांवर ही जड औजारे नीट चालेनात. ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी एप्रिल २०१० मध्ये जाहीर पत्र लिहून आपल्या मोबाइलवर फ्लॅश का नको, ते सांगितले. ऑक्टोबर २०१४ मध्ये एचटीएमएल-५ हे मानक पक्के झाले. प्लग-इनची पुष्कळशी कामे आता ब्राउझर स्वतःच करू लागला.

मग एकामागून एक दारे बंद झाली. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये जुन्या पद्धतीचे प्लग-इन कायमचे काढले. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकीचे काढले. जावाच्या २०१८ मधल्या ११ व्या आवृत्तीत ब्राउझरमधले अ‍ॅपलेट राहिले नाही. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून ते मुद्दाम अडवले गेले. सिल्व्हरलाइट ऑक्टोबर २०२१ मध्ये थांबले. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ११ ला निवृत्ती दिली.

यातली कोणतीही तारीख अचानक आली नाही. फ्लॅश बंद होणार हे ॲडोबीने जुलै २०१७ मध्येच सांगितले होते, म्हणजे साडेतीन वर्षे आधी. तरी पुष्कळ संस्था शेवटच्या दिवसापर्यंत थांबल्या. दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याचे काही करअर्ज फ्लॅशमध्ये होते. जानेवारी २०२१ मध्ये फ्लॅश बंद पडले, तेव्हा ते अर्ज भरता यावेत एवढ्यासाठी त्या खात्याला स्वतःचा वेगळा ब्राउझर काढून लोकांना द्यावा लागला. सरकारसारख्या सरकारची ही तऱ्हा, तर सहकारी संस्थांची काय कथा!

आपल्या मराठीवर हीच पाळी आली होती

हे दुखणे परक्यांचेच आहे असे समजू नका. २००० सालाच्या आसपास मराठी वर्तमानपत्रांची पाने संगणकावर येऊ लागली, तेव्हा प्रत्येकाचा फाँट निराळा. तो फाँट आधी उतरवून घ्या, मग वाचा. काहींनी फाँट पानाबरोबर आपोआप पाठवण्याची युक्ती काढली, पण तिचा एक प्रकार फक्त इंटरनेट एक्सप्लोररलाच समजे. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडले की अगम्य अक्षरांची रास.

याचे कारण असे. जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षराचा आकार इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेला असे. संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षरच राही, आणि फाँट होता तोवर ते मराठी दिसे. युनिकोड या जागतिक पद्धतीत हे बदलले. तिच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'ऊ' चा २३१४ आणि 'स' चा २३६०. 'ऊस' हा शब्द शहापुरात लिहा की शिकागोत, क्रमांक तेच राहतात, म्हणून कोणताही ब्राउझर तो बरोबर दाखवतो. विंडोजमध्ये ही सोय विंडोज २००० पासून आली.

तेव्हा एखाद्या जुन्या यादीत आपल्या नावाच्या जागी इंग्रजी चिन्हे दिसली, तर घाबरू नये. ती नोंद जुन्या फाँटमध्ये टंकलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती युनिकोडमध्ये बदलता येते. मात्र बदलताना जोडाक्षरे आणि रफार चुकतात, म्हणून बदललेले नाव सभासदाने स्वतः एकदा वाचून पाहणे जरूर आहे. बँकेच्या पासबुकात एक नाव आणि बिलात दुसरे असे झाले, तर पैसे जमा व्हायला अडचण येते.

काट्याचे काय?

सभासदांचा सगळ्यात नाजूक प्रश्न काट्याचा, म्हणून हे सविस्तर सांगतो. काट्याखाली लोडसेल असतात. त्यांवर भार आला की विजेचा सूक्ष्म संकेत निघतो आणि इंडिकेटरवर आकडा दिसतो. वजन झाले ते इथे. यात ब्राउझरचा काहीएक संबंध नाही. वैधमापन खात्याकडून दरवर्षी पडताळणी आणि शिक्का होतो, तो याच यंत्राचा.

पुढचा टप्पा म्हणजे तो आकडा वायरीने संगणकात जाऊन पावतीवर छापला जाणे. ब्राउझरमधले पान बाहेरचे यंत्र आपणहून वाचू शकत नाही, आणि ही आडकाठी मुद्दाम ठेवलेली आहे. म्हणून पूर्वीच्या पुष्कळ प्रणालींत हे काम ॲक्टिव्हएक्सचा एक तुकडा करीत असे. इंटरनेट एक्सप्लोरर गेला आणि त्याबरोबर तो तुकडाही. अशा ठिकाणी काटा ठीक असतो, सर्व्हरही ठीक असतो, पण दोघांच्या मधला दुवा तुटतो आणि माणसाला आकडा हाताने टाइप करावा लागतो.

हाताने आकडा टाइप करणे म्हणजे काय जोखीम असते, ते एका हिशेबाने पाहा. इंडिकेटरवर १८.६४० टन आहे आणि बोट चुकून १६.८४० पडले, तर फरक १.८०० टनांचा. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरली आहे, म्हणजे टनाला ३,५५० रुपये. तोडणी-वाहतूक वजा होण्यापूर्वी एका खेपेत ६,३९० रुपयांचा फरक! म्हणून भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे दोन्ही आकडे इंडिकेटरवर पाहून पावतीशी ताडून घ्यावेत. वाहनचालकालाही तशी सवय लावावी. फरक दिसला तर काट्यावरच, त्याच वेळी बोलावे. नंतर सांगितले तर तपासायला अवघड जाते.

यावर उपाय आहे. काट्याच्या संगणकावर एक लहानसा स्वतंत्र प्रोग्रॅम बसवायचा, त्याने आकडा वाचून थेट सर्व्हरला द्यायचा, आणि ब्राउझरने तो फक्त दाखवायचा. असे केले की ब्राउझर कोणताही असो, काम अडत नाही. मार्च २०२१ पासून क्रोममध्ये सिरियल पोर्ट वाचण्याची अंगभूत सोयही आली आहे. पण ती सगळ्या ब्राउझरांत नाही. केवळ तिच्यावर विसंबणे म्हणजे जुना मालक सोडून नव्या मालकाच्या दारी बांधून घेणे होय.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत किमतीचे पैसे द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के दराने व्याज लागते. संगणक अडला म्हणून हे १४ दिवस थांबत नाहीत. म्हणून हा प्रश्न संगणक विभागापुरता राहत नाही, तो प्रत्येक सभासदाच्या खिशाशी येऊन पोचतो.

डिजिटल सातबाऱ्यावरचे प्रश्नचिन्ह

नोंदीसाठी सातबारा लागतो. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. तो मोबाइलवर उघडला की सहीच्या जागी कधी कधी प्रश्नचिन्ह दिसते, आणि कुणी म्हणते उतारा खोटा आहे. तसे नसते. ब्राउझर तो कागद फक्त दाखवतो, सही तपासत नाही. सही तपासणारे प्रोग्रॅम वेगळे, आणि त्यांनाही भारत सरकारच्या प्रमाणन व्यवस्थेवर विश्वास ठेवायला एकदा सांगावे लागते. मग प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी खूण येते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे उताऱ्याच्या तळाशी जो पडताळणी क्रमांक छापलेला असतो, तो भूमिअभिलेखाच्या संकेतस्थळावर घालून मूळ उतारा पाहणे. सोसायटीत किंवा बँकेत अडवणूक झाली, तर तो क्रमांक दाखवावा.

नवे सॉफ्टवेअर घेताना काय पाहावे?

म्हसाच्या यात्रेत बैल घ्यायला गेलो की आपण दात पाहतो, चाल पाहतो, नांगराला जुंपून पाहतो. नुसत्या शिंगांच्या रंगावर सौदा करीत नाही. सॉफ्टवेअरचेही तसेच. हा विषय वार्षिक सभेपुढे कधी आला, तर सभासदांनी पुढील गोष्टी विचाराव्यात.

१. ते क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींत चालते का? आणि चालवून दाखवले का?

२. त्याला कोणतेही प्लग-इन लागते का? लागत असेल तर ते घेऊ नये.

३. सगळी माहिती साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येते का? पुरवठादार उद्या गेला, तरी नोंदी आपल्या हातात राहिल्या पाहिजेत.

४. मराठी मजकूर युनिकोडमध्ये आहे का?

५. नेटवर्क मंद असलेल्या गावात, साध्या मोबाइलवर ते उघडते का?

६. जुने बंद करण्यापूर्वी एक पूर्ण हंगाम नवे आणि जुने दोन्ही जोडीने चालवून हिशेब ताडले जातील का?

जुनी प्रणाली लगेच बदलता येत नसेल, तर मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये जुन्या एक्सप्लोररसारखे वागण्याची एक सोय ठेवलेली आहे. ती निदान २०२९ पर्यंत चालू ठेवू, असे त्या कंपनीने जाहीर केले आहे. मोडलेल्या हाडाला खपच्ची बांधावी तशी ती सोय. तिच्या भरवशावर जन्म काढायचा नसतो.

सभासदांनी काय करावे?

पान उघडले नाही तर पहिल्यानेच मोबाइलची तारीख आणि वेळ बरोबर आहे का, ते पाहा. तारीख चुकली की ब्राउझर चांगल्या संकेतस्थळालाही 'सुरक्षित नाही' म्हणतो. मग ब्राउझर अद्ययावत करा, तोही मोबाइलच्या प्ले स्टोअरमधूनच. ऑगस्ट २०२५ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्यांना अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचे लागते. मोबाइल त्याहून जुना असेल, तर घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर किंवा सेवा केंद्रात पाहा.

तरीही पान कोरेच राहिले, तर दिसते तसे छायाचित्र काढून ठेवा आणि चिटबॉयला किंवा गट कार्यालयाला दाखवा. त्यावर तारीख, गाव आणि गट नंबर सांगा. त्यावरून नोंद सर्व्हरवर आहे की नाही हे कार्यालयातून पाहता येते. तोवर दुसरी नोंद देऊ नका.

व्हॉट्सॲपवर 'नोंद पाहण्यासाठी हे प्लग-इन टाका', 'हे ॲप उतरवून घ्या' असा निरोप आला, तर त्याला हात लावू नका. नोंद पाहण्यासाठी आज कोणतेही प्लग-इन लागत नाही आणि लागता कामा नये. पीएम किसान, बँक यांच्या नावाने अशा फायली पाठवून शेतकऱ्यांच्या खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार घडलेले आहेत. ओटीपी तर कुणालाच सांगू नये, मग फोन कारखान्याच्या नावाने आला असला तरी.

शेवटी, कागद सोडू नका. लावण नोंदीची पोच, तोडीची चिठ्ठी, काट्याची पावती आणि बिल हे चारही कागद एका पिशवीत, हंगामाप्रमाणे जपून ठेवा. ब्राउझर येतील आणि जातील, सॉफ्टवेअरही बदलेल. पण संगणकातला आकडा आणि आपल्या पावतीवरचा आकडा एक आहे की नाही, हे विचारण्याचा हक्क पावती जवळ असलेल्या सभासदालाच वापरता येतो. आडसालीच्या नोंदी देताना प्रत्येकाने आपली पोच मागून घ्यावी, आणि ती दिली जावी, अशी विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग